स्वस्त फोनवर मुदत छापा

डबघाईला आलेली फोन कंपनी काय करते, हे आता पाठ झालं आहे. आधी साहेब बदलतो. मग नवी ऑपरेटिंग सिस्टम, म्हणजे फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, येते, तिच्यावर एक महागडा फोन निघतो आणि दुकानांत धूळ खात पडतो. माल उठत नाही म्हटल्यावर कंपनीला एकाएकी सामान्य माणसाची आठवण होते आणि तीच सिस्टम घातलेला ‘सर्वांना परवडणारा’ स्मार्टफोन बाजारात येतो. कंपनीनं कात टाकली म्हणून कौतुक छापून येतं. दोन-तीन वर्षांनी ती सिस्टम गुंडाळल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. मधल्या काळात ज्यांनी तो फोन घेतला त्यांचं पुढं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

मला ते विचारायचं आहे. नव्या ऑपरेटिंग सिस्टमला माझा विरोध नाही, उलट त्या याव्यात असंच मला वाटतं. पण बुडत्या कंपनीच्या प्रयोगाचा खर्च सगळ्यात कमी पैसे असलेल्या गिऱ्हाइकाकडून वसूल व्हावा, हे मला पटत नाही. हे थांबवायला फार मोठ्या कायद्याची गरज नाही. हा फोन किती तारखेपर्यंत सांभाळला जाईल, म्हणजे त्याला अपडेट मिळत राहतील, हे खोक्यावर छापायला लावलं तरी निम्मं काम होईल.

ब्लॅकबेरीचंच घ्या. गोव्यात त्या फोनचे दिवस आणि खाणींचे दिवस साधारण एकच. डिचोली-साखळीकडचे खाण-कचेऱ्यांतले अधिकारी, पणजीतल्या हॉटेलांचे व्यवस्थापक, बार्ज आणि ट्रक बाळगणारे बडे कंत्राटदार, यांच्या कमरेला ते चामडी पाकीट असायचं. बारक्या बटणांवर दोन्ही अंगठ्यांनी टाइप करण्यात एक ऐट होती. पुढं टचस्क्रीन आला आणि ऐट उतरली. जानेवारी २०१२ मध्ये थॉर्स्टन हाइन्स कंपनीचे प्रमुख झाले. ३० जानेवारी २०१३ रोजी ‘ब्लॅकबेरी १०’ ही नवी सिस्टम आली आणि त्याच दिवशी ‘रिसर्च इन मोशन’ हे जुनं नाव टाकून कंपनीनं ब्लॅकबेरी हेच नाव घेतलं. सिस्टम वाईट नव्हती. तिच्या मुळाशी असलेलं क्यूएनएक्स हे तंत्रज्ञान कंपनीनं २०१० मध्ये विकत घेतलं होतं आणि ते आजही जगभरच्या कोट्यवधी मोटारींत चालतं. झेड१० हा पहिला फोन आपल्याकडे ४३,४९० रुपयांना आला. एवढ्या पैशांत त्या वेळी बऱ्यापैकी सेकंडहँड स्कूटर मिळत होती, आणि लोकांनी बहुधा तीच घेतली असावी.

जगभरही तेच झालं. ऑगस्ट २०१३ ला संपलेल्या तिमाहीत कंपनीला साडेशहाण्णव कोटी डॉलरचा तोटा झाला. त्यातले तब्बल ९३ कोटींवर डॉलर न खपलेल्या मालाचे होते, आणि तो माल मुख्यतः झेड१० हाच होता. साडेचार हजार माणसं कमी करण्याची घोषणा झाली. नोव्हेंबरात हाइन्स गेले, जॉन चेन आले. दरम्यान, त्याच सिस्टमचा क्यू५ हा जरा स्वस्त फोन भारतात २४,९९० रुपयांना येऊन गेला होता. मग फॉक्सकॉनकडून बनवून घेतलेला झेड३ मे २०१४ मध्ये इंडोनेशियात दोनशे डॉलरच्या आत आणि पुढच्याच महिन्यात आपल्याकडे १५,९९० रुपयांना आला.

या उतरंडीकडं जरा बारकाईनं पाहा. त्रेचाळीस हजार देऊ शकणाऱ्यांनी जी गोष्ट नाकारली, ती दीड वर्षात सोळा हजारवाल्यापुढं ‘संधी’ म्हणून ठेवली गेली. इंडोनेशियाची निवड करण्यामागं बीबीएम ही ब्लॅकबेरीची निरोप-सेवा होती. तिथं ती घरोघरी वापरली जाई. पण कंपनीनं बीबीएम आदल्याच ऑक्टोबरात अँड्रॉइड आणि आयफोनवर खुली करून टाकली होती. म्हणजे ज्या एका कारणासाठी माणूस ब्लॅकबेरी घेत असे, ते कारण कंपनीनंच काढून घेतलं आणि मग त्याच माणसासाठी खास फोन काढला! याला धोरण म्हणायचं की गोंधळ, ते व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी ठरवावं.

२०१७ संपलं आणि ब्लॅकबेरी १० वर व्हॉट्सॲप बंद झालं. जून २०१४ मध्ये झेड३ घेतलेल्याला साडेतीन वर्षं मिळाली, आणि तीही त्यानं तो पहिल्याच आठवड्यात घेतला असेल तर. दर पडल्यावर, उरलेला माल काढताना ज्यांनी घेतला, त्यांना त्याहून कमी. सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीनं स्वतः फोन बनवणं सोडलंच होतं. शेवटी ४ जानेवारी २०२२ रोजी तिनं ब्लॅकबेरी १० सकट आपल्या जुन्या सिस्टमच्या मागची यंत्रणा बंद केली. त्या दिवसापासून या फोनवर साधा कॉल किंवा एसएमएससुद्धा भरवशानं चालेल असं नाही, हे तिनंच जाहीर केलं.

नोकियाची गोष्ट तर आणखी कडू आहे, कारण नोकिया आपल्या घरातलाच फोन होता. टॉर्चवाला ११०० कुणाच्या घरी नव्हता? फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून आपण समुद्रातल्या जळत्या तेल-प्लॅटफॉर्मवर उभे आहोत असं सांगितलं आणि सिम्बियन ही आपली सिस्टम सोडून मायक्रोसॉफ्टची विंडोज धरली. वर्षभरात ल्युमिया ६१० हा त्यातला स्वस्त फोन जाहीर झाला, फेब्रुवारी २०१२ मध्ये. रॅम २५६ एमबी; काही ॲप त्यावर चालतच नसत. तरी ठीक. पण जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की पुढची विंडोज फोन ८ सिस्टम आधीच्या कुठल्याच फोनवर येणार नाही. बाजारात धड पोचण्याआधीच तो फोन जुना झाला होता. हे जूनमध्ये ठरलं आणि फेब्रुवारीत कुणाला ठाऊक नव्हतं, यावर विश्वास ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा.

पुढचा अंक नोकिया एक्स. अँड्रॉइडचाच सांगाडा, पण गूगलचं काही नाही, प्ले स्टोअरसुद्धा नाही. मार्च २०१४ मध्ये तो आपल्याकडे ८,५९९ रुपयांना आला. एप्रिलअखेर नोकियाचा फोन-धंदा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला आणि १७ जुलैला अठरा हजार माणसं कमी करण्याच्या घोषणेबरोबरच एक्स मालिकाही आवरली गेली. चार महिने! चतुर्थीला घेऊ म्हणून पैसे बाजूला ठेवणाऱ्याचा फोन सण येण्याआधीच संपला. १ नोव्हेंबर २०१४ पासून श्रीपेरुंबुदूरचा कारखानाही थांबला, म्हणजे फोन बनवणारेही गेले आणि फोन घेणारेही फसले. मायक्रोसॉफ्टनं पुढल्या वर्षी ७६० कोटी डॉलर तोट्याच्या खात्यात टाकले आणि ती आपल्या वाटेनं पुढं गेली.

गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असं आपण म्हणतो. कंपनीच्या बाबतीत ते खरंही आहे. ब्लॅकबेरीनं पुंगी मोडून खाल्ली. क्यूएनएक्स मोटारींत गेलं, त्यावर कंपनी जगते आहे. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं फायरफॉक्स ओएस ही सिस्टम ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सच्या १,९९९ रुपयांच्या फोनवर आणली आणि डिसेंबर २०१५ मध्ये फोनचा नाद सोडला. त्या फोनला रॅम होती १२८ एमबी आणि व्हॉट्सॲप अधिकृतपणे त्यावर कधी आलंच नाही. पण तो कोड वाया गेला नाही. त्यातूनच कायओएस ही सिस्टम निघाली आणि २०१७ मध्ये जिओफोनमध्ये बसली. गाजर कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातंच. गिऱ्हाइकाला मात्र त्यातला तुकडाही मिळत नाही.

म्हापशाच्या बाजारात फोन दुरुस्तीची जी अरुंद दुकानं आहेत, त्यांतल्या एकाच्या काउंटरखाली मिठाईचा एक डबा आहे, बंद फोनांनी भरलेला. दुकानदारानं एकदा तो वर काढून दाखवला. त्यानं फोन वेगळे केले: याचा डिस्प्ले-कॉम्बो गेला, याची चार्जिंग पिन, हा पावसात भिजलेला, याचा बोर्डच गेलाय. उरलेले पाच-सहा त्यानं एका बाजूला सारले आणि म्हणाला, “हे फोन बरे आसात, पूण तांचेर कांयच चलना.” खरंच त्यांना काही झालेलं नव्हतं. त्यातला एक त्यानं चार्जरला लावला तर काचेवर रंगीत चौकोन उमटले, कॅमेरा उघडला, आतल्या गॅलरीत कुणाच्या तरी गणपतीवरच्या माटोळीचा फोटो होता. बॅटरीही टिकत असावी. फक्त त्यावर आता व्हॉट्सॲप नाही, बँकेचं ॲप नाही, यूपीआय नाही. गिऱ्हाइकांना वाटतं फोन बिघडला. ते ‘सॉफ्टवेअर मारून द्या’ म्हणून आणून देतात. मारायला सॉफ्टवेअरच नाही, हे ऐकल्यावर बहुतेक जण फोन परतसुद्धा नेत नाहीत.

आता या फोनवर काय काय असतं, तेही पाहा. सत्तरीतल्या केरी-मोर्ले भागातल्या किंवा काणकोणातल्या घरातला मुलगा बोटीवर असेल, तर तारवटीच्या घरचा सगळा व्यवहार त्या एका व्हॉट्सॲपवर चालतो: बंदरात जहाज लागलं की येणारा कॉल, पगार जमा झाल्याचा निरोप, पासपोर्टच्या कागदाचा फोटो. कोविडच्या वर्षी सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ वाड्यांतली पोरं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत होती हे आपण पाहिलं. त्यातल्या किती घरांत फोनच एकटा होता आणि तोही स्वस्तातला, हे मात्र आपण फारसं पाहिलं नाही. पणजीतल्या माणसाचा फोन बंद पडला तर त्याच्याकडे लॅपटॉप असतो. इथं फोन गेला की शाळा, बँक आणि बोटीवरचा मुलगा एकदमच जातात.

यावर ठरलेलं उत्तर असं की, जितका गूळ तितकं गोड; स्वस्तात घेतलंत, स्वस्तासारखं चालणार. कॅमेरा धूसर असेल, काच लवकर फुटेल, हे मान्य. ते घेताना दिसतं. पण ही सिस्टम अठरा महिन्यांनी सोडून द्यायची की नाही यावर कंपनीत खल चालू आहे, हे काउंटरवर दिसत नाही. ते फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतं.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. ते असं: असे नियम लावाल तर नवी सिस्टम काढायला कुणी धजणार नाही आणि अँड्रॉइडची मक्तेदारी कायमची होईल. हा मुद्दा मला उडवून लावता येत नाही. भारतात शंभरातल्या नव्वदहून अधिक फोनांवर अँड्रॉइड आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला तो उगाच नव्हे. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे फोन बनवणाऱ्यांवरच्या करारांमुळे अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्त्यांना वाट मिळत नव्हती. अपिलात आयोगाचे काही आदेश गेले, दंड राहिला. तेव्हा नव्या सिस्टम हव्यातच. देशी असल्या तरी चालतील, परदेशी असल्या तरी चालतील. पण मक्तेदारी मोडण्याचं पुण्यकर्म आठ हजारांचा फोन घेणाऱ्या बाईच्या खर्चानं का व्हावं? प्रयोगच करायचा तर कंपनीनं आपल्या भांडवलावर करावा.

जिओफोननं या बाबतीत एक वेगळी वाट दाखवली होती, तिची चर्चा फारशी झाली नाही. दीड हजार रुपये घेतले ते अनामत म्हणून, तीन वर्षांनी परत करण्याच्या बोलीवर. बोलीला अटी होत्या आणि त्या बारीक अक्षरांत होत्या, तो भाग वेगळा. पण कल्पना म्हणून पाहिलं तर तीन वर्षं हा शब्द व्यवहारातच आला होता. अनोळखी सिस्टम घेणाऱ्याला काही मुदत आणि काही परतावा, निदान कागदावर, मिळत होता. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं आणि २०२५ च्या सुरुवातीला कायओएसवरून ते गेलं. इतर प्रयोगांच्या मानानं ही मुदत बरीच म्हणायची. तरी ज्या दिवशी ते गेलं त्या दिवशी तो फोन पुन्हा कॉलपुरता उरला.

जोखीम वरून खाली कशी सरकते, हे गोव्याला नव्यानं शिकवायला नको. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा खाणमालकांचं जे व्हायचं ते झालं. पण बँकेचं कर्ज काढून टिपर ट्रक घेतलेल्यांच्या दारात ते ट्रक गंजत उभे राहिले आणि शेवटी सरकारला त्यांच्या कर्जासाठी सवलतीची योजना आणावी लागली. ट्रक घेताना त्यांना खाणीचा परवाना किती दिवसांचा हे कुणी दाखवलं नव्हतं. फोनची रक्कम लहान, म्हणून तिच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, एवढाच फरक.

मग करायचं काय? युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून नियम लागू केला आहे: फोनचं मॉडेल बाजारात विकणं थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं त्याला सॉफ्टवेअरचे अपडेट द्यावे लागतात. ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षा-अपडेट किमान किती काळ मिळतील हे जाहीर करणं कंपन्यांना बंधनकारक केलं. आपल्याकडे याचा अर्थ चटकन कळतो, कारण निम्म्या सासष्टीचं कुणी ना कुणी पोर्तुगालच्या लिस्बनला नाही तर ब्रिटनच्या स्विंडनला असतं. त्या भावानं लिस्बनमध्ये घेतलेल्या फोनला कायद्यानं आयुष्य आहे. इकडे त्याच्या बहिणीनं मडगावात त्याच कंपनीचा फोन घेतला, तर त्याचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर.

केंद्र सरकार अगदीच स्वस्थ बसलेलं नाही. ग्राहक व्यवहार खात्याचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल आहे, फोन दुरुस्तीला किती सोपा याचा निर्देशांक ठरवायला समितीही नेमली गेली. पण काच आणि बॅटरी बदलता आली तरी मिठाईच्या डब्यातले ते पाच-सहा फोन जिवंत होणार नाहीत. त्यांना पार्ट नको होता. म्हणून मुदतीची ओळ वेगळी हवी. पाकीटबंद वस्तूंच्या नियमांनुसार खोक्यावर कमाल किंमत, उत्पादनाचा महिना, तक्रारीसाठी पत्ता छापावाच लागतो. त्यात आणखी एक ओळ: ‘या फोनला अमुक महिन्यापर्यंत सुरक्षा-अपडेट मिळतील.’ मग कंपनीनं शब्द मोडला तर ग्राहक आयोगात जायला हातात निदान खोकं राहील.

कंपन्या म्हणतील, व्हॉट्सॲप आमचं नाही, ते कधी बंद होईल याची हमी आम्ही कशी द्यावी? बरोबर आहे. ती हमी मागूही नये. जे तुमच्या हातात आहे तेवढंच लिहून द्या. आणि तुमच्या हातात आणखी एक गोष्ट आहे: जाताना कुलूप उघडून जा. बहुतेक फोनांच्या बूटलोडरला कुलूप असतं, म्हणजे कंपनीच्या सिस्टमशिवाय दुसरी बसवता येत नाही. ब्लॅकबेरी १० चे फोन आजही तसेच बंद आहेत. सिस्टम सोडून देताना ते कुलूप काढणं सक्तीचं केलं, तर प्रत्येक फोन वाचेल असं नाही. त्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे फोनचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, लागतात, कुणीतरी वेळ घालावा लागतो. पण म्हापशाच्या त्या दुकानातली पोरं असल्या कामाला भारी आहेत, आज त्यांना हात घालायलाच जागा नाही.

फोन महागतील? थोडे महागतील, ते लपवण्यात अर्थ नाही. पण किती, याचा बाऊ फार केला जातो. सॅमसंगनं २०२४ मध्ये गॅलेक्सी ए१६ ५जी या वीस हजारांच्या आतल्या फोनला सहा वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला. बाजारात टिकून असलेल्या कंपनीला ते जमतं. ज्या कंपनीला दोन वर्षांचाही शब्द देववत नाही, तिच्याबद्दल गिऱ्हाइकाला जे कळायला हवं ते त्या न दिलेल्या शब्दातूनच कळेल.

दिल्लीचा नियम येईल तेव्हा येईल. गोवा सरकारला त्याआधी करता येण्यासारखं आहे, कारण सरकार स्वतः मोठं गिऱ्हाईक आहे. पर्रीकरांच्या काळात सायबरेज योजनेत विद्यार्थ्यांना संगणक वाटण्याची सवय या राज्याला लागली, ती वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. केंद्राच्या पोषण अभियानात अंगणवाडी सेविकांना स्मार्टफोन दिले जातात, पोषण ट्रॅकर हे नोंदीचं ॲप त्यावरच भरायचं असतं. शेजारच्या महाराष्ट्रात २०२१ मध्ये सेविकांनी ते निकृष्ट फोन सरकारला परत नेऊन दिले, हे आपण वाचलं आहे. निविदा काढताना आजवर किंमत, रॅम आणि वॉरंटी पाहिली जाते. त्यात तीन अटी घाला: किमान पाच वर्षं अपडेटची लेखी तारीख, ती मोडल्यास प्रत्येक फोनमागं ठरलेली रक्कम अनामतीतून कापून घेण्याचा अधिकार, आणि सिस्टम सोडल्यास बूटलोडर खुला करण्याचं बंधन. पेडण्यातल्या तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत उद्या कुणी फोन किंवा टॅबलेट जुळवायला आला आणि जमीन, वीज, करात सवलत मागू लागला, तर त्याच्याही करारात याच अटी घालायला हरकत नाही. अनोळखी सिस्टमचा टॅबलेट घेऊन कुणी निविदा भरली तर तिला केवळ नवी म्हणून बाहेर काढू नये. तारीख लिहून देत असेल आणि अनामत ठेवत असेल, तर ती इतरांइतकीच पात्र धरावी.